आमची वाटचाल: अर्ध्या मिलिमीटरचा धंदा

लाकडी खेळणी बनवतो म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे गाड्या, बाहुल्या?" नाही. आमच्याकडे चाक असलेली एकही वस्तू होत नाही. आम्ही करतो ते हाताचं सामान. काटकोनात एकमेकींत अडकवलेल्या दोन चकत्या, दांडीवरच्या कड्या, चेंडू टाकायची पेटी, अंडं आणि त्याचा पेला, मोठी मूठ धरून खाचेत बसवायचे एकेरी आकार आणि शेवटी दट्ट्यांचे ठोकळे, म्हणजे लहान-मोठ्या भोकांत आपापला गोल दट्टा बसवायचा. तीन-चार महिन्यांच्या बाळापासून तीन वर्षांच्या मुलापर्यंत. त्यापुढचं गणिताचं साहित्य करणारे दुसरे आहेत, त्यांनी करावं.

सुरुवात मिस्त्रींमुळे झाली. ते लेथवर पलंगाचे पाय आणि जिन्याचे कठडे करायचे, मी हिशेब आणि विक्री बघायचो. एक मॉन्टेसरी वर्ग चालवणाऱ्या बाई आल्या आणि दांडी-कड्यांचा संच मागितला. अट एकच: कडी वरून सोडली की आपल्या वजनाने खाली गेली पाहिजे, पण खाली बसल्यावर डुगडुगता कामा नये. मिस्त्रींनी व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं साधन) खिशात टाकला आणि त्या दिवसापासून पलंगाचे पाय बंद.

ज्यांच्या नावाने हे वर्ग चालतात त्या मारिया मॉन्टेसरी डॉक्टर होत्या. 1907 मध्ये रोममधल्या सान लोरेंझो या गरीब वस्तीत त्यांनी पहिलं बालगृह सुरू केलं. चूक झाली हे सामानानेच मुलाला सांगावं, मोठ्यांनी नव्हे, हा त्यांच्या साहित्याचा कणा. हे ऐकायला छान वाटतं, पण त्याचा सगळा भार लाकूड कापणाऱ्यावर येतो. जाडी कमी होत जाणाऱ्या दहा दट्ट्यांत लागोपाठच्या दोघांत अर्ध्या सेंटिमीटरचा फरक. मुलाने एक जरी चुकीच्या भोकात ठेवला तरी शेवटी एक दट्टा हातात उरतो. भोक सैल असेल तर तो उरत नाही, आणि मग त्या ठोकळ्यात शिकण्यासारखं काहीच राहत नाही.

आमचं मुख्य लाकूड बीच या झाडाचं. रेष बारीक, कड तुटत नाही, वास नाही. पण बीच हलतं फार. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं, आणि तेही वलयांच्या दिशेने, गाभ्याकडून सालीकडे हलतं त्याच्या साधारण दुप्पट. त्यामुळे ओल्या लाकडाची आज गोल केलेली कडी वाळता वाळता लंबगोल होते. नवीन माणसांना माझं सांगणं, लेथच्या आधी ओलावा मोजायचा मीटर घ्या. आठ ते दहा टक्क्यांवर आल्याशिवाय आम्ही पटाशी लावत नाही, आणि भट्टीतून आलेला मालही मध्ये पट्ट्या घालून, रचून ठेवतो. भोक ड्रिलच्या फोर्स्टनर बिटनेच, तळ सपाट येतो. मिस्त्रींनी प्रत्येक मापाची पितळी गेज, म्हणजे भोक तपासायची मापं, करून घेतली होती. एक टोक गेलं पाहिजे, दुसरं अडलं पाहिजे. नीट जमलेला दट्टा भोकात सोडला तर खालची हवा बाहेर ढकलत हळूहळू उतरतो. ते बघायला मला आजही आवडतं.

सँडपेपर 120, 180, 240 नंबरचे, एकाहून एक बारीक. मग ओलं फडकं. रेषा उभ्या राहतात, वाळल्यावर 320 ने बसवायच्या. ही पायरी जे गाळतात त्यांची कडी बाळाच्या तोंडात जाऊन आली की खरखरीत होते. वरून कच्चं जवस तेल आणि मेण. डब्यावर "बॉइल्ड" लिहिलेलं जवस तेल नको, लवकर वाळावं म्हणून त्यात बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात.

आता आम्हाला बुडवायला निघालेल्या एका व्यापाऱ्याबद्दल. नाव लिहीत नाही. आमचा निम्म्याहून जास्त माल तोच उचलायचा. एकदा त्याने आमच्या प्रत्येक वस्तूचे जादा नमुने मागितले, "प्रदर्शनासाठी" म्हणाला. मोठी ऑर्डर तोंडी दिली, आम्ही लाकूड भरून ठेवलं. ऑर्डर लेखी आलीच नाही. काही महिन्यांनी बाजारात आमचंच सामान आलं, एमडीएफमध्ये (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी), वरून चकचकीत रंग. लाकूड वाचावं म्हणून दट्ट्यांतला पाच मिलिमीटरचा फरक दोनवर आणलेला आणि भोकं ऐसपैस. कुठलाही दट्टा शेजारच्या भोकात जाई. चेंडूच्या पेटीत त्याने घंटा आणि दिवा बसवला. अहो, चेंडू आत जातो, दिसेनासा होतो आणि पुन्हा ट्रेमध्ये येतो, हेच त्या बाळाला पुरे असतं! घंटा कशाला?

नक्कल केली तेवढ्यावर भागलं नाही. त्याच्या पत्रकात फोटो आमच्या मालाचे होते. रंगाचे टवके उडाले, तक्रारी आम्हाला. वर्गांनी ऑर्डरी थांबवल्या. दुसरा लेथ विकला, दोन पोरं सोडून गेली, मिस्त्री पगाराचा विषय काढायचे नाहीत आणि तेच जास्त लागायचं. त्या व्यापाऱ्याला भेटायला गेलो तर म्हणाला, "गोल भोकावर कुणाची मालकी असते का?" हे वाक्य मी विसरलेलो नाही.

वाचवलं दांडी-कड्या मागणाऱ्या त्याच मॉन्टेसरीच्या बाईंनी. त्यांच्याकडे शिक्षिकांचा प्रशिक्षण वर्ग चालायचा. त्यांनी दोन्ही ठोकळे टेबलावर ठेवले, सगळ्यांना डोळे बांधून दट्टे बसवायला लावले. कुठला कुणाचा ते सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यापासून त्या वर्गातल्या शिक्षिकांच्या ऑर्डरी यायला लागल्या, त्याही आगाऊ रक्कम देऊन. भरून ठेवलेलं बीच तोवर छान मुरलं होतं.

नंतरची वर्षं बरी गेली. लेथ परत आला, मिस्त्रींचा मुलगा हाताखाली आला.

विषय निघालाच आहे तर आईबाबांना थोडं. सहा-सात महिन्यांचं बाळ वस्तू या हातातून त्या हातात घेतं, त्यासाठी चकत्या. त्या लोळतात पण लांब पळत नाहीत, म्हणून रांगणाऱ्याला गाठता येतात. अंगठा आणि तर्जनीची चिमूट नऊ-दहा महिन्यांच्या सुमारास जमू लागते. मात्र हातातली वस्तू हवी तिथे सोडणं पकडण्याहून अवघड असतं. चेंडूची पेटी त्यासाठीच आहे, तेव्हा चेंडू तुम्ही टाकून दाखवत बसू नका, एकदा दाखवा आणि हात मागे घ्या. टाळ्याही नकोत, मूल पेटी सोडून तुमच्याकडे बघायला लागतं. चेंडू 44.5 मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर कितीही सुंदर असो, घेऊ नका. एका वेळी दोन-तीनच वस्तू बाहेर ठेवा. आणि लाकूड पाण्यात बुडवून धुऊ नका, ओल्या फडक्याने पुसा.

दट्टा हरवला तर आम्ही एकटा दट्टाही करून देतो. फोटो आणि माप पाठवून चालणार नाही, ठोकळाच पाठवा. तुमच्या हवेत तो किती आवळलाय ते इथे बसून कळत नाही.