ठाण्याचे डेव्हिड अब्राहम चेऊलकर

हिंदी चित्रपटांच्या श्रेयनामावलीत चाळीस वर्षे ज्यांचे नाव नुसते ‘डेव्हिड’ असे येत राहिले, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर १९०९ साली आमच्या ठाण्यात जन्मले. ठेंगणी अंगकाठी, तुळतुळीत टक्कल आणि बोलण्याआधीच डोळ्यांत उमटणारे हसू, हा चेहरा घरोघरी ओळखीचा आहे. तरीही हा माणूस मराठी भाषक होता, धर्माने यहुदी होता आणि आपल्याच गावचा होता, असे सांगितले की ऐकणारा हमखास पुन्हा विचारून खात्री करून घेतो. बहुतेकांची समजूत ते वांद्र्याचे ख्रिस्ती असावेत अशीच असते. ही समजूत कशी रुजली आणि तिच्यामुळे आपल्या नजरेतून काय निसटले, याविषयी लिहायचे बरेच दिवस मनात होते.

चेऊल, म्हणजे रायगड जिल्ह्यातील चौल, हे रेवदंड्याजवळचे जुने बंदर. बेने इस्रायली, म्हणजे कोकणात रुजलेल्या मराठी यहुदी समाजाची परंपरा अशी सांगते की, शेकडो वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटले, त्यातून सात जोडपी वाचली आणि त्यांचा वंश कोकणातल्या गावागावांत पसरला. जिथे वस्ती केली, त्या गावाचे नाव आडनाव झाले. पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, किहीमचे किहीमकर आणि चेऊलचे चेऊलकर. यांपैकी अनेक घरांचा धंदा तेलाच्या घाण्याचा होता आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या धार्मिक विश्रांतीच्या दिवशी घाणा बंद ठेवण्याचा नियम ते काटेकोरपणे पाळत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पोशाख कोकणी, घरातली बोली मराठी, धर्म मात्र स्वतःचा, असे हे जगणे होते. पुढे मुंबई आणि ठाणे वाढू लागले तेव्हा ही कुटुंबे नोकरीधंद्यासाठी इकडे आली. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलच्या परिसरात उभे असलेले ‘शाआर हशामाईम’ हे १८७९ सालचे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनामंदिर, त्या स्थलांतराची ठाण्यातली ठळक खूण आहे. डेव्हिड जन्मले तेव्हा त्या वास्तूला तीस वर्षे झाली होती.

आमच्या इमारतीत पूर्वी एक बेने इस्रायली कुटुंब राहत असे. त्यांच्याकडे लग्न ठरले, कोणी आजारातून उठले किंवा नवे घर घेतले की ‘मलिदा’ हा आभाराचा विधी व्हायचा. मोठ्या ताटात भिजवलेले पोहे, त्यात ओले खोबरे, साखर, वेलची आणि सुकामेवा, भोवती फळे मांडलेली, आणि जमलेली मंडळी प्रेषित एलियाहू हन्नबींचे गाणे हिब्रू भाषेत म्हणत असायची. गाणे संपले की त्या घरातल्या आजी शुद्ध कोकणी वळणाच्या मराठीत आम्हा मुलांना दटावायच्या, “आधी हात धुवून या, मग ताटाला शिवा.” त्यांच्या दाराच्या चौकटीवर तिरकी बसवलेली मेझुझाची, म्हणजे धर्मवचनांची गुंडाळी ठेवलेली डबी होती, तिला बोटे लावून ती बोटे ओठांना टेकवल्याशिवाय त्या उंबरठा ओलांडत नसत. डेव्हिड यांचा विषय निघाला की त्या नुसते ‘चेऊलकर’ म्हणायच्या. नातेवाइकाविषयी बोलावे तशा सहजपणे त्या बोलत. त्यांची आणि चेऊलकरांची ओळख होती की नाही, हे मला कधी कळले नाही, पण त्यांच्या बोलण्यातला तो हक्क मात्र स्पष्ट होता.

चेऊलकर मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, पुढे त्यांनी कायद्याचेही शिक्षण घेतले. नोकरीसाठी बरीच खटपट करूनही मनाजोगे काम न मिळाल्यावर ते चित्रपटांकडे वळले आणि १९३७ च्या ‘झांबो’पासून त्यांची कारकीर्द सुरू झाली. त्या काळात पडद्यावर यहुदी चेहरे नवे नव्हते. हिंदू आणि मुसलमान घरांतील मुलींना चित्रपटात काम करणे जवळजवळ अशक्य असताना यहुदी स्त्रियांनी ती जागा भरून काढली होती. रूबी मायर्स सुलोचना झाल्या, एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम प्रमिला झाल्या, आणि पुढच्या पिढीत फ्लॉरेन्स इझिकेल नादिरा या नावाने १९५२ च्या ‘आन’मध्ये आल्या. नायिकेचे नाव प्रेक्षकांना आपले वाटावे, ही व्यवसायाची गरज होती आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. चेऊलकरांनी मात्र आईवडिलांनी ठेवलेले नावच पडद्यावर ठेवले. चरित्र अभिनेत्याला ती मोकळीक थोडी अधिक असते हे मान्य केले, तरी आपली ओळख न लपवता शंभराहून अधिक चित्रपट करणे ही साधी गोष्ट नाही. दुर्दैव असे की नाव राहिले आणि आडनाव गळले. नुसता ‘डेव्हिड’ पाहून प्रेक्षकाने आपल्या माहितीतला सर्वांत जवळचा अर्थ लावला आणि ठाण्याचा चेऊलकर ख्रिस्ती ठरला.

या समजुतीवर शिक्का मारला तो राज कपूर निर्मित ‘बूट पॉलिश’ने, १९५४ साली. त्यातला जॉन चाचा चोरटी दारू विकतो, पण झोपडपट्टीतल्या दोन अनाथ भावंडांना भीक मागू नका, कष्टाने कमवा, असे सांगत राहतो. स्वतः कायद्याच्या बाहेर असलेल्या माणसाने मुलांना प्रामाणिकपणा शिकवायचा, ही भूमिका सहज उपदेशकी किंवा भडक होऊ शकली असती. डेव्हिड तसे होऊ देत नाहीत. मुलांशी बोलताना ते खाली वाकून त्यांच्या उंचीला येतात आणि समवयस्क मित्राशी बोलावे तसे बोलतात. ‘नन्हे मुन्ने बच्चे’ हे रफी आणि आशा भोसले यांचे गाणे आजही शाळांच्या स्नेहसंमेलनांत वाजते, पण माझ्या मते त्यांचा खरा कस ‘लपक झपक’मध्ये लागतो. तुरुंगात सगळे टकले कैदी डोक्यावर केस उगवावेत म्हणून पावसाला साद घालतात, मन्ना डे यांचा आवाज अडाणा रागाच्या सुरांतून चढत जातो, आणि डेव्हिड स्वतःच्या टकलाचा असा काही वापर करतात की हसता हसता त्या कैद्यांविषयी माया वाटू लागते. या भूमिकेसाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि तो पुरेपूर रास्त होता.

त्यानंतर ते पडद्यावर सर्व धर्मांच्या घरांत वावरले. हृषीकेश मुखर्जींच्या ‘सत्यकाम’मध्ये ते रुस्तम झाले, ‘चुपके चुपके’मध्ये हरिपद, ‘गोलमाल’मध्ये डॉक्टर केदार, आणि बासू चटर्जींच्या ‘बातों बातों में’मध्ये नॅन्सीची लोकल गाडीत टोनीशी गाठ घालून देणारे टॉम अंकल. शेवटचे दोन्ही चित्रपट १९७९ चे, म्हणजे सत्तराव्या वर्षी एकाच साली ते हिंदू डॉक्टर आणि ख्रिस्ती काका, दोन्ही भूमिकांत तितकेच शोभले. ‘अभिमान’मध्ये नवविवाहित जोडप्याचे गाणे ऐकून, पत्नीचा गळा नवऱ्याहून श्रेष्ठ आहे आणि यातून पुढे त्रास होईल, हे सर्वप्रथम ओळखणारे जाणकार तेच आहेत. प्रसंग लहान आहे, आवाज चढलेला नाही, पण सगळ्या चित्रपटाची चिंता त्यांच्या चेहऱ्यावर आधी येऊन जाते. दुसऱ्याच्या घरी पाहुण्यासारखे न अवघडता आणि मालकासारखे न वागता बसण्याची जी रीत त्यांच्या अभिनयात दिसते, ती बेने इस्रायलींच्या कोकणातल्या जगण्यातून आली असावी, असे मला मनापासून वाटते. शेजारी सगळे वेगळ्या धर्माचे, भाषा आणि चालीरीती पुष्कळशा सामायिक, स्वतःचा शनिवार मात्र सांभाळलेला. अशा समाजात वाढलेल्या माणसाला दुसऱ्याची श्रद्धा परकी वाटत नाही.

अभिनयाखेरीज समारंभांचे निवेदक म्हणून त्यांचा लौकिक मोठा होता, वेटलिफ्टिंगच्या क्षेत्रातही त्यांनी जबाबदारीने काम केले, आणि १९६९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

१९४८ नंतर बेने इस्रायली मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. तिथे त्यांच्या यहुदीपणाविषयी, विशेषतः विवाहाच्या प्रश्नावर, शंका घेतल्या गेल्या. त्याविरुद्ध त्यांना आंदोलन करावे लागले आणि १९६४ साली तिथल्या संसदेने ते पूर्णपणे यहुदी असल्याचा निर्वाळा दिला. त्या सगळ्या काळात चेऊलकर मुंबईतच काम करत राहिले. त्यांनी लग्न केले नाही. अखेरच्या दिवसांत ते कॅनडात आप्तांकडे गेले आणि टोरांटो येथे त्यांचे निधन झाले.

अलीकडे हिंदी चित्रपटांतील यहुदी कलावंतांविषयी लेख आणि माहितीपट होऊ लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्यांत बगदादी आणि बेने इस्रायली यांना एकाच माळेत ओवले जाते. सुलोचना, प्रमिला आणि नादिरा बगदादी यहुदी घराण्यांतल्या. ती घराणी व्यापाराच्या निमित्ताने पश्चिम आशियातून आली आणि त्यांचा ओढा पुढे इंग्रजीकडे राहिला. चेऊलकरांचे तसे नाही, ते मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली समाजातले. पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली आला, त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर हेही याच बेने इस्रायली समाजातले. पेण आणि चेऊल ही दोन्ही गावे एका जिल्ह्यातली आहेत. ठाण्यातील कलावंतांवर आपल्याकडे दिवाळी अंकांत आणि व्याख्यानमालांत पुष्कळ बोलले जाते. तिथे डेव्हिड अब्राहम चेऊलकर हे पूर्ण नाव, त्यांच्या धर्मासह आणि मराठीपणासह, घेतले गेले पाहिजे.