दोन कागदांवर २१,९०० बाइट

पेन ड्राइव्ह मरतात, पासवर्ड विसरतात, कागद मात्र टिकतो. एवढ्याच भरवशावर मी माझी महत्त्वाची फाइल क्यूआर कोडमध्ये छापायला घेतली. आधी कॉम्प्रेस, मग एनक्रिप्ट (उलट केलं तर आकार कमीच होत नाही). शेवटी फाइल उरली २१,९०० बाइटची.

सगळ्यात मोठा क्यूआर कोड म्हणजे ४० वं व्हर्जन, १७७ × १७७ चौकोनांचं. दुरुस्तीची पातळी (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा म्हणून ठेवलेली जादा माहिती) सर्वात खालची ठेवली तर त्यात २,९५३ बाइट मावतात. म्हणजे आठ कोड पुरे! एका ए-फोर कागदावर सहा, दुसऱ्यावर दोन. वरवर अगदी सोपं.

छापले आणि फोन समोर धरला. फोन नुसताच फोकस शोधत बसला. दोष फोनचा नव्हता. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) एका चौकोनाला बरोबर सहा ठिपके असा मी हिशोब केला होता, पण प्रिंट करताना 'फिट टू पेज' तसंच राहिलं. चित्र जरासं आकसलं, काही चौकोन सहा ठिपक्यांचे झाले, काही पाचांचे. एवढा दाट कोड बिघडायला तेवढंही पुरतं.

शंभर टक्के आकारात पुन्हा छापल्यावर काही कोड वाचले गेले, पण आतला डेटा नासलेला. क्यूआरमध्ये कच्चे बाइट ठेवता येतात हे खरं, पण वाचणारं अॅप त्यांना मजकूर समजतं आणि १२७ च्या वरच्या बाइटचं काहीतरी भलतंच करून टाकतं. ही चूक शोधण्यात माझी अख्खी संध्याकाळ गेली.

म्हणून बेस-४५ घेतलं, म्हणजे बाइट ४५ चिन्हांत लिहायची पद्धत. क्यूआरच्या अल्फान्यूमेरिक मोडमध्ये ४५च चिन्हं असतात आणि हे एन्कोडिंग नेमकी तीच वापरतं. दोन बाइटची तीन अक्षरं होतात, तरी प्रत्येक अक्षराला साडेपाचच बिट लागत असल्याने जागा जेमतेम तीन टक्के जास्त जाते. बेस-६४ (हेच काम ६४ चिन्हांत) इथे महागात पडतं.

कोडही लहान केला: २५ वं व्हर्जन, ११७ × ११७, एम पातळी, म्हणजे साधारण पंधरा टक्के खराबी सोसणारी. त्यात १,४५१ अक्षरं बसतात. ११ अक्षरं शीर्षकाला (फाइलची खूण, कितवा तुकडा, एकूण किती), उरलेल्या १,४४० मध्ये ९६० बाइट. तुकडे झाले २३. क्यूआरची स्वतःची कोड जोडायची सोय आहे, पण ती सोळावर संपते आणि बऱ्याच अॅपना ती कळतही नाही. त्यामुळे शीर्षक माझंच बरं.

त्या शीर्षकातही दोनदा आपटलो. फाइलच्या खुणेत एक इंग्रजी अक्षर लहान लिपीतलं राहिलं. अल्फान्यूमेरिकमध्ये लहान अक्षरंच नाहीत, म्हणून कोड बनवणाऱ्या लायब्ररीने गुपचूप बाइट मोड (अक्षराला आठ बिट) घेतला आणि कोड फुगला. नंतर शीर्षक तिरप्या रेघेवर तोडत होतो, पण तिरपी रेघ त्या ४५ चिन्हांतलीच, डेटातही येणारच! मग सरळ पहिली ११ अक्षरं मोजून कापली.

चोविसावा कोड म्हणजे तेवीस तुकड्यांचा एक्सऑर (बिटनबिट केलेली एक प्रकारची बेरीज). एखादा अख्खा कोड चहात बुडाला तरी बाकीच्यांवरून तो परत काढता येतो. एका कागदावर बारा, दोन कागदांत चोवीस, बरोबर.

चाचणी घेताना सातवा कोड झाकला, फाइल परत आली, एसएचए-२५६ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ठसा) जुळला. मग मुद्दाम तेविसावा झाकला, आणि ठसा काही जुळेना. फाइल २२,०८० बाइटची झाली होती. शेवटच्या तुकड्यात ७८० च बाइट होते. एक्सऑरसाठी मीच मागे १८० शून्यं भरली होती, आणि तीही परत आली होती.

पेन उचललं आणि दोन्ही कागदांच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं: २१,९००.