पॅनलच्या आधी पॅनलमागचा पत्रा बघा

गेल्या आठवड्यात माझ्या १९७० च्या शेव्हरोले सी-१० पिकअपच्या डाव्या दरवाजाचं आतलं पॅनल शेवटी काढलं आणि दोन वर्षं मनात धरून बसले होते ती समजूत तिथल्या तिथे गेली. गाडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता की इंटिरियर सगळं ओरिजिनल आहे, वरच्या ट्रिमचं म्हणजे महागड्या सजावटीच्या आवृत्तीचं आहे, सीएसटी म्हणजे कस्टम स्पोर्ट ट्रक. दारांना छान व्हिनाइलची पॅनलं, चकचकीत पट्टी, त्यामुळे मलाही खरंच वाटलं. पण पॅनल निघालं आणि मागे जो पत्रा दिसला त्याच्यावर बरोबर कोपर टेकतो त्या उंचीला रंग घासून घासून गेलेला, खालचा प्रायमर दिसतोय. आता तुम्हीच सांगा, जो पत्रा पहिल्या दिवसापासून पॅनलखाली झाकलेला असेल त्याला कोणाचं कोपर कसं लागणार?

म्हणजे ही गाडी कंपनीतून निघाली तेव्हा दारांना पॅनलं नव्हतीच. नुसता रंगवलेला पत्रा, काच खालीवर करायचं हँडल, दार उघडायचं हँडल, बस.

हे मी मुद्दाम आधी सांगतेय कारण जुन्या पिकअप रिस्टोअर करणारे आपण बहुतेक जण सुरुवातच चुकीच्या प्रश्नाने करतो. हे पॅनल ओरिजिनल आहे का, असं विचारतो. खरं तर आधी विचारायला पाहिजे की या गाडीला मुळात पॅनल होतं का. पिकअप ही कामाची गाडी होती, शेतावर, बांधकामावर, चिखलात वापरायची, आणि बेस मॉडेलला आतून दाराचा पत्रा उघडाच ठेवायचे, पुसायला सोपा आणि स्वस्त. शेव्हरोले-जीएमसीच्या १९६७ च्या पिढीत तसंच, फोर्डच्या एफ-१०० मध्ये तसंच. भरलेली व्हिनाइलची पॅनलं म्हणजे वरच्या ट्रिमची चैन, शेव्हरोलेत सीएसटी आणि १९७१ पासून शायेन, फोर्डमध्ये रेंजर आणि १९७० पासून रेंजर एक्सएलटी. मग पुढच्या पन्नास वर्षांत कोणीतरी मालक हौसेने पॅनलं बसवतो, पुढचा मालक त्यालाच ओरिजिनल समजतो, आणि तिसरा तेच सांगून विकतो. यात कोणी मुद्दाम फसवत असेल असं मला वाटत नाही, पण गाडीचा खरा इतिहास मात्र पुसला जातो आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर पत्रा कसा वाचायचा. सगळ्यात जास्त सांगतात ती पत्र्यातली भोकं, ज्यात पॅनल अडकवतात. कारखान्यात भोकं पंचने पाडलेली असतात आणि रंग त्यानंतर लागतो, त्यामुळे भोकाच्या आतल्या कडेवरसुद्धा रंग वळून गेलेला दिसतो, कड स्वच्छ असते, सगळी भोकं एका मापाची. नंतर कोणी ड्रिल मारलं असेल तर कडेला उघडं लोखंड आणि गंज, मागच्या बाजूला बोट फिरवलं तर पत्र्याची धार लागते (ग्लोव्हज घालून फिरवा), आणि भोकं थोडी इकडेतिकडे, एखादं चुकलं म्हणून शेजारी दुसरं मारलेलं. माझ्या डाव्या दाराला अशी चौदा भोकं निघाली. टॉर्च तिरका धरून बघा, समोरून उजेड मारला तर काही कळत नाही.

दुसरं म्हणजे रंगाचे थर. हँडलच्या मागे, स्क्रूच्या डोक्याखाली, दाराच्या खालच्या पाणी जायच्या भोकांपाशी मूळ रंग बहुतेक वेळा टिकून असतो. आणि दोन्ही दारं वेगवेगळी तपासा हो, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. माझ्या उजव्या दाराचं पॅनल काढलं तर आत भलताच रंग, पत्र्याला कुठेही घासल्याची खूण नाही, म्हणजे ते दारच दुसऱ्या गाडीचं. जुन्या ट्रकची दारं खालून सडतात, त्यामुळे दार बदललेलं असणं ही अगदी रोजची गोष्ट आहे.

आता कागदपत्रं. व्हीआयएनवरून, म्हणजे गाडीच्या ओळख क्रमांकावरून, ट्रिम कळेल ही आशा सोडा, माझ्या गाडीच्या व्हीआयएनमधलं दुसरं अक्षर एस असेल तर सहा सिलिंडर आणि ई असेल तर व्ही-८ एवढं सांगतं, दाराला आतून काय होतं त्याबद्दल चकार शब्द नाही. जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोले आणि जीएमसी दोन्ही त्यांचेच) या ट्रकना १९६७ पासून ग्लोव्हबॉक्सच्या झाकणाला आतून एक कागदी लेबल चिकटवलेलं असतं, सर्व्हिस पार्ट्स आयडेंटिफिकेशन, त्याच्यावर त्या गाडीवर बसवलेले ऑप्शन कोडसकट छापलेले असतात. ते लेबल मिळालं तर सोनं. पण त्यावरचा व्हीआयएन गाडीच्या प्लेटशी जुळवून घ्या, कारण ग्लोव्हबॉक्सची झाकणंही बदलली जातात. माझ्या गाडीत लेबलच्या जागी नुसते गोंदाचे डाग आहेत. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या पिकअपवाल्यांचं नशीब चांगलं, त्यांच्या गाडीसोबत लाइन सेटिंग तिकीट असायचं, त्यात सगळे कोड ओळीने लिहिलेले.

हे झाल्यावर मग पॅनलकडे या, आणि तेही उलटं करून. पुढची बाजू कोणीही सुंदर करू शकतो. हार्डबोर्डवर व्हिनाइल चढवलेलं असेल तर मागे स्टेपलच्या रांगा बघा. मूळ स्टेपल गंजलेले असतात आणि गंजाचा डाग बोर्डात मुरलेला असतो, भोकांची एकच रांग असते. जुनी भोकं रिकामी आणि शेजारी नवे चकचकीत स्टेपल असे दिसले तर बोर्ड जुना असेलही पण कापड नंतर चढवलंय. पुढच्या बाजूच्या उभ्या-आडव्या रेघा बऱ्याच मूळ पॅनलवर उष्णतेने दाबून केलेल्या असतात, दोऱ्याची शिलाई नसते, म्हणून शिलाई दिसली की मी तरी थांबते आणि परत बघते. आर्मरेस्ट आणि हँडलच्या चकतीखाली उन्हापासून वाचलेला खरा रंग सापडतो. सगळीकडे एकसारखा रंग म्हणजे बहुतेक स्प्रे मारलेला आहे, कडेला दुमडलेला भाग सोलून बघितला की जुना रंग डोकावतो. झिजही बघा, स्टिअरिंग डावीकडे असलेल्या गाडीत डावं पॅनल जास्त झिजलेलं असायला हवं, दोन्ही सारखीच ताजी असतील तर मला शंका येते.

प्लॅस्टिकचं मोल्डेड पॅनल असेल, म्हणजे साधारण सत्तरच्या दशकापासून पुढे, तर काम थोडं सोपं होतं. मागे पार्ट नंबर उठवलेला असतो, आणि कधी कधी घड्याळासारखी छोटी गोल खूण, मधे वर्ष, भोवती महिने, बाण ज्या महिन्याकडे तेव्हा ते पॅनल साच्यातून निघालं. ती तारीख गाडी बनली त्याच्या थोडी आधीची हवी. इथे एक गोंधळ होतो, नव्या मॉडेलवर्षाच्या गाड्या आदल्या वर्षीच्या शरद ऋतूतच बनायला लागायच्या, त्यामुळे १९७९ च्या ट्रकवर १९७८ ची तारीख असलेलं पॅनल एकदम बरोबर असू शकतं, घाईने चुकीचं ठरवू नका.

वर्षांचे छोटे छोटे फरकही उपयोगी पडतात. १९६७ ते ७१ ची शेव्हरोले पॅनलं १९७२ च्या दाराला जुळत नाहीत, कारण ७२ ला दाराच्या आतली मांडणी बदलली, बाहेरून मात्र दारं अगदी भावंडं वाटतात. १९७३ पासूनच्या चौकोनी जीएम ट्रकमध्ये पॉवर विंडो १९७७ ला आली, म्हणजे १९७५ च्या गाडीत काचेच्या स्विचसाठी जागा असलेलं पॅनल दिसलं तर ते दुसऱ्या गाडीतून आलंय, वाद घालायची गरज नाही. सिल्व्हेराडो हे ट्रिमचं नावही १९७५ चं, त्याआधीच्या गाडीवर ते पॅनल सांगत असतील तर हसून पुढे जा.

माझ्या दोन पॅनलपैकी उजवं खरं निघालं, गंजलेले स्टेपल, एकच रांग, आर्मरेस्टखाली गडद रंग, सगळं जुळतंय. डावं रिप्रो म्हणजे अलीकडे बनवलेली नक्कल, मागे कोरा करकरीत बोर्ड आणि पाणी अडवायला लावलेलं आजकालचं पॉलिथिन, त्या काळचा डांबरासारखा चिकट सीलंट लावलेला कागद नाही. दोन दिवस विचार केला. पॅनलं परत लावली तर गाडी जास्त देखणी दिसेल हे मलाही कळतं, घरचेही तेच म्हणाले. पण ज्या पत्र्यावर कोणाचं तरी कोपर इतकी वर्षं टेकलं होतं तो पत्राच या गाडीचा खरा चेहरा आहे असं मला वाटलं, म्हणून दारांचा पत्रा उघडाच ठेवायचं ठरवलंय.

खरं पॅनल कपड्यात गुंडाळून आडवं ठेवलंय, उभं ठेवलं तर हार्डबोर्ड वाकतो, खऱ्या सीएसटीवाला कोणी भेटला की त्याला देईन. घासलेल्या रंगाचे फोटो मोजपट्टी लावून काढून ठेवलेत. आता चौदा भोकं वेल्डने भरायची आहेत, मागे तांब्याची पट्टी धरून एकेक टाका मारत, म्हणजे पत्रा गरम होऊन पोक येणार नाही.