पाटाच्या कडेने डोहापर्यंत

अटलांटिक महासागरातल्या पोर्तुगालच्या मदेरा बेटावरच्या 'लेवादा'ला मराठीत सरळ पाट म्हणावं. पंधराव्या शतकापासून, आधी मुख्यतः उसासाठी, हे पाट खोदले गेले. पाऊस बेटाच्या उत्तर अंगाला, ऊस दक्षिणेच्या उन्हात. म्हणून पाण्याला डोंगराचा वळसा. पाटाशेजारची वाट खरं तर पाटकऱ्याची. त्याला तिथे 'लेवादेइरु' म्हणतात. पाळीप्रमाणे पाणी सोडायचं, पाला काढायचा, गळती बुजवायची. चालणारे सगळे त्याच्या वाटेवरचे पाहुणे.

नवख्यांनी आलेक्रींचा पाट धरावा. पाउल दा सेराच्या पठारावर, राबासालच्या वाहनतळापाशी तो भेटतो आणि साडेतीन किलोमीटरवर दोना बेझाच्या डोहाशी नेतो. जाऊन-येऊन सात किलोमीटर; रमतगमत तीन तास. याच वाहनतळावरून बहुतेक लोक पंचवीस झऱ्यांकडे उतरतात, त्यांना खुशाल उतरू द्यावं. पर्यटकांना वाटेचं शुल्क आहे, ते आधीच ऑनलाइन भरावं आणि वाट उघडी आहे ना हेही तेव्हाच बघून घ्यावं. मोठ्या पावसानंतर दरड कोसळली की वाटा बंद करतात.

ही वाट सोपी का, तर पाण्याला घाई नाही म्हणून. पाटाचा उतार इतका कमी की डोळ्याला कळतच नाही. काही वळणांवर तर पाणी चढावर चाललंय असं वाटतं. शंका आली तर एक वाळलेलं पान बघावं. ते समोरून येतं, काठाला टेकतं, स्वतःभोवती एक गिरकी घेतं आणि मागे निघून जातं. म्हणजे आपण चढतोय. एके ठिकाणी मात्र वरचं पाणी फेसाळत एकदमच खाली सोडलंय. तिथे बाजूने पायऱ्या आहेत आणि सगळी दमछाक तेवढ्यातच उरकते. येताना त्याच पायऱ्या ओल्या असतील तर पाऊल आडवं टाकावं.

घसरायला होतं ते बहुधा जाळीपाशी. पाला अडवायला पाटात लोखंडी जाळ्या बसवतात. त्या तुंबल्या की पाणी काठावरून वाटेवर येतं आणि दगडावर शेवाळ धरतं. पकड असलेले बूट हवेतच. दुसरी चूक म्हणजे चालता चालता दरीकडे बघणं. बघायचं तर थांबून बघावं. समोरून कोणी आलं तर रुंद जागा असलेल्याने थांबावं, आणि थांबताना डोंगराच्या बाजूला.

उंची १३०० मीटरच्या आसपास, त्यामुळे आभाळ निरभ्र असलं तरी पातळ जाकीट पिशवीत असू द्यावं. धुकं बघता बघता चढतं. ते आलं की माणसाच्या दुप्पट वाढलेल्या हीदरच्या झाडांखाली पाऊस नसतानाही टपटप सुरू होते. बारीक पानं धुक्यातलं पाणी गाळून जमिनीला देतात. पाटाच्या पाण्यात त्याचाही वाटा असतो.

शेवटी डोह. पोर्तुगीज नावात 'लागोआ' आहे, पण सरोवर वगैरे डोळ्यांपुढे आणू नये. कातळाच्या कुशीतला, धबधब्याखालचा छोटा हिरवट डोह, आणि पाणी हाडं गोठवणारं. दगडावर बसून डबा खावा. चॅफिंच पक्षी पायाशी येतातच, त्यांना पाव टाकू नये.

परतताना पान आपल्याच दिशेने चालतं. बहुतेक वेळा थोडं पुढेच.