मयसभेतील तीन रात्री

लेकाच्या कंपनीची परिषद लास व्हेगासला होती. ‘आई, खोली एवढी मोठी आहे की तू आलीस तरी मला अडचण होणार नाही,’ असे त्याने फोनवर सांगितले आणि मी ‘व्हेनेशियन’ या हॉटेलात तीन रात्री राहून आले. त्याचे म्हणणे खरेच होते. तिथल्या साध्यातल्या साध्या खोलीचे क्षेत्रफळ सुमारे ६५० चौरस फूट आहे. पुण्यात एवढ्याच जागेत आम्ही दोन मुले वाढवली आणि दिवाळीला पाहुणेही उतरवले. पलंगाच्या पुढे दोन पायऱ्या उतरून बैठकीची जागा होती. पहिल्या रात्री पाणी प्यायला उठले तेव्हा या दोन पायऱ्यांची आणि माझ्या गुडघ्याची अंधारात ओळख झाली.

या जागी पूर्वी ‘सँड्स’ नावाचे हॉटेल होते. १९९६ च्या नोव्हेंबरात ते सुरुंग लावून पाडले आणि ३ मे १९९९ रोजी हे नवे हॉटेल उघडले. इटलीतल्या व्हेनिस शहरासारखे हॉटेल बांधायची कल्पना शेल्डन एडेल्सन या तेव्हाच्या मालकांना मधुचंद्राला तिथे गेल्यावर सुचली, असे सांगतात. आपल्याकडे माणसे मधुचंद्राहून फार तर चंदनाचा हत्ती आणतात.

स्वागतकक्षाकडून आत जाणारा लांबलचक सोपा मात्र मी विसरणार नाही. वर सोनेरी नक्षी, रंगवलेले छत आणि खाली तीन रंगांच्या संगमरवराची फरशी, तीही अशा हिशेबाने बसवलेली की सपाट जमिनीवर एकापुढे एक चौकोनी ठोकळे उभे असल्यासारखे दिसावे. मी पाऊल उचलले, ते नसलेल्या पायरीवर ठेवायला, आणि तोल सावरताना मला एकदम दुर्योधन आठवला. मयासुराच्या सभेत त्याला जमीन पाण्यासारखी दिसली आणि पाणी जमिनीसारखे; त्याची फजिती झाली आणि त्या अपमानाच्या पाठोपाठ द्यूत आले. इथेही सोपा संपला की समोर द्यूतच होते. व्यासांना दोन प्रसंगांमध्ये थोडे अंतर तरी ठेवावे लागले. इथे फरशी आणि फासे एकाच मजल्यावर बसवले आहेत. खोलीकडे जाणारी लिफ्ट गाठायची असली तरी वाट जुगाराच्या दालनातून जाते, आणि तिथे घड्याळही दिसत नाही आणि खिडकीही.

व्हेनिसचा कालवा वरच्या मजल्यावर आहे. भर वाळवंटात पाणी जिना चढून बसले आहे, हे पचायला मला थोडा वेळ लागला. निळ्याशार, तरणतलावाचा वास येणाऱ्या त्या पाण्याच्या दोन्ही काठांना दुकाने आहेत, मधे कमानदार पूल आहेत आणि वरती रंगवलेले आकाश, त्यात पांढरे ढग. गोंडोल्याच्या मागे पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घातलेला नावाडी उभा राहून वल्हे हलवतो आणि इटालियन गाणे म्हणतो. नाव खरी चालते ती विजेच्या मोटरीवर. गाणे मात्र खरे. पुलाखाली नाव शिरली की त्याचा आवाज असा घुमे की हातातल्या पिशव्या खाली ठेवून माणसे ऐकत उभी राहत. लेक परिषदेला गेला की मी पुलाजवळच्या बाकावर जाऊन बसे. पहिल्या दिवशी दुपारचे तीन वाजले असतील अशा समजुतीने तिथून उठले, तर खोलीत तो जेवायला थांबलेला आणि बाहेर चक्क अंधार पडलेला.

‘सगळेच खोटे आहे,’ असे नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. दारापुढचा उंच मनोरा सेंट मार्क चौकातल्या घंटाघराची नक्कल आहे, हे खरे. पण व्हेनिसमधला मूळ मनोरा १४ जुलै १९०२ रोजी सकाळी कोसळला आणि ‘होता तसाच, होता तिथेच’ म्हणत व्हेनिसकरांनी तो पुन्हा उभारून १९१२ मध्ये खुला केला. म्हणजे व्हेगासचा मनोरा नकलेची नक्कल ठरतो. शिवाय या हॉटेलातली जी गोष्ट सर्वांत अमेरिकी वाटते, तीच मूळची व्हेनिसची आहे. सरकारी परवानगीचे, सर्वांना खुले असे युरोपातले पहिले जुगारघर, रिडोट्टो, १६३८ मध्ये व्हेनिसलाच उघडले. तिथे मुखवटा घालून खेळायचे. १७७४ मध्ये ते बंद झाले. ‘कॅसिनो’ हा शब्दसुद्धा इटालियन, अर्थ छोटेसे घर.

तेव्हा इतिहासाचा मान राखावा म्हणून मीही वीस डॉलरची नोट एका यंत्रात सरकवली. फळे फिरली, घंटा वाजल्या, दोनदा मी जिंकले असे यंत्राने मोठ्या आनंदाने जाहीर केले आणि चार मिनिटांत माझ्या वीस डॉलरचे सव्वातीन झाले. नाणी खळखळत पडतील म्हणून मी ओंजळ पुढे धरली होती. बाहेर आली ती बसच्या तिकिटाएवढी एक चिठ्ठी. शेजारच्या खुर्चीवरच्या आजीबाईंनी माझ्या ओंजळीकडे पाहिले आणि न हसता पुन्हा आपले बटण दाबले.

शेवटच्या रात्री सामान भरून झाल्यावर मी पुन्हा एकदा कालव्यावर गेले. दुकाने बंद झाली होती आणि गोंडोले एका काठाला ओळीने बांधून ठेवले होते. वर आकाशात मात्र पहिल्या दिवशीचीच दुपार होती. ढगही तेच, त्याच जागी. बाकावरून नेमका समोर दिसणारा, कापसाच्या गादीसारखा एक तर माझ्या चांगला ओळखीचा झाला होता. चिठ्ठी अजून पर्समध्येच होती.