ई-ड्रम आणि हलगी, घरच्या खोलीत: माझा अनुभव

ई-ड्रम, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रम, घरी रेकॉर्ड करताना सगळ्यात जास्त वेळ कुठं द्यायचा असं कुणी मला विचारलं तर मी मिक्सिंग म्हणणार नाही, ट्रिगर सेटिंग म्हणेन, म्हणजे पॅड फटका कसा पकडतं ते. पॅडवर पडलेला फटका नीट आकड्यात उतरला नाही तर पुढं कितीबी महागडं प्लगइन लावा, ऐकणाऱ्याला कळतंयच की हे कुणी वाजवलेलं नाही. मित्राच्या बँडचं एक गाणं होतं, त्याचे ड्रम मी कोल्हापुरात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत रेकॉर्ड केले आणि मिक्सपण तिथंच केलं. गाण्यात हलगी आहे, आणि ती खरी, माणसानं वाजवलेली. त्यामुळं काम वाढलं, पण खरी मजा तिथंच आली.

आधी शेजाऱ्यांचा विषय. मेश, म्हणजे जाळीच्या, पॅडचा आवाज कमी असतो हे खरं, पण किक पेडलचा धक्का स्टँडमधनं फरशीत आणि फरशीतनं खालच्या मजल्यावर जातो. हा हवेतनं जाणारा आवाज नव्हे, त्यामुळं भिंतीला फोम चिकटवून काडीचा फरक पडत नाही. खालच्या काकूंनी जिन्यात सरळ विचारलं, "रात्री वर काय कुटतोयस रे बाळा?" मग टिंबर मार्केटमधनं जाड प्लायचे दोन तुकडे कापून आणले, खालच्या प्लायला भोकं पाडून त्यात टेनिस बॉल अर्धे रुतवले, वर दुसरा प्लाय ठेवला आणि त्यावर अख्खा सेट. किक आणि बसायच्या स्टुलाखाली बॉल जास्त घालायचे कारण वजन तिथंच पडतं, आणि दोन्ही प्लाय एकमेकांना कुठंही स्क्रूनं जोडायचे नाहीत, जोडले की धक्का परत खाली जातो. काकूंना आता पेडल ऐकू येत नाही, मी खाली जाऊन विचारून आलो.

आता ट्रिगर. मेशच्या खाली पिझोची चकती असते, फटक्यानं ती हलली की बारीक व्होल्टेज तयार होतं आणि मोड्यूल, म्हणजे सेटचा मेंदू असलेला डबा, त्याचा मिडी नोट (आवाज नव्हे, नुसती आकड्यांतली सूचना) करतं, सोबत व्हेलॉसिटी, म्हणजे फटका किती जोरात होता ते. नवीन मिडी २.० सोडलं तर नेहमीचं मिडी १९८३ पासून तेच आहे, व्हेलॉसिटीला १ ते १२७ एवढ्याच पायऱ्या. एवढ्यातच तुमचा सगळा हात बसवायचा असतो, म्हणून मी गाणं बाजूला ठेवून नुसतं स्नेअर वाजवत बसलो आणि रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मिडी एडिटर उघडून व्हेलॉसिटीचे दांडे बघत राहिलो. जोराचे सगळे फटके १२७ ला जाऊन चिकटलेले, म्हणजे जोरात आणि लय जोरात यात फरकच नाही, लायब्ररीतले, म्हणजे खऱ्या ड्रमच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजांच्या संचातले, तेच ते एक-दोन सॅम्पल परत परत वाजणार आणि रोल घेतला की मशीनगन. सेन्सिटिव्हिटी हळूहळू खाली आणली. नेहमीचा जोराचा फटका ११० च्या आसपास आला आणि अगदी जीव तोडून मारलं तरच १२७, तिथं थांबलो. खालच्या बाजूला घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलके फटके, २५ ते ४० मध्ये यायला पाहिजेत, थ्रेशोल्ड, म्हणजे फटका धरायची खालची मर्यादा, जास्त असेल तर त्या रेकॉर्डच होत नाहीत आणि ग्रूव्हचा जीव जातो.

थ्रेशोल्ड खाली घेतला की क्रॉसटॉक डोकं वर काढतो. किक मारली की टॉमवर आपोआप एक बारीक नोट, क्रॅशची झांज मारली की शेजारच्या पॅडवर एक. मोड्यूलमध्ये क्रॉसटॉक कॅन्सल असतं, पण ते वाढवत गेलं की किकबरोबर हलक्या हातानं मारलेले खरे फटकेपण ते खाऊन टाकतं. म्हणून आधी नटबोल्ट बघायचे. माझ्या सेटवर टॉमचा क्लॅम्प ढिला होता आणि एक केबल रॅकला ताणून बसली होती, ते सरळ केल्यावर निम्मा त्रास तिथंच संपला. एका फटक्याला दोन नोट येत असतील तर रिट्रिगरची सेटिंग आहे, पण त्याच्याही आधी मेश ड्रम-कीनं समोरासमोरचे बोल्ट घेत सारखा ताणून घ्या, ढिला मेश उसळत राहतो आणि पिझोला तो दुसरा फटका वाटतो.

हाय-हॅट, म्हणजे पायानं उघडझाप करायची झांजांची जोडी, हा वेगळाच खेळ आहे. जनरल मिडीत, म्हणजे नोट नंबरांच्या ठरलेल्या यादीत, बंद हॅट ४२, उघडी ४६, पायाची ४४. माझं मोड्यूल कडेवर मारलं की २२ आणि २६ पाठवतं, लायब्ररीला हे नंबर सांगितले नाहीत तर कडेचे फटके गायब. पेडल किती दाबलंय ते कंट्रोलर नंबर ४ वरनं जातं, ते पण दोन्हीकडं जुळलं पाहिजे, नाहीतर हॅट अर्धी उघडी असताना लायब्ररी बंदचा आवाज देते. कंटाळवाणं काम आहे, पण पेडलच्या त्या मधल्या जागेतच हॅटचा सगळा श्वास असतो.

मी मिडी आणि मोड्यूलचा स्टिरिओ ऑडिओ दोन्ही रेकॉर्ड करतो. मिक्समध्ये मिडीवरचीच लायब्ररी वापरायची, मोड्यूलचा ऑडिओ नुसता पुरावा म्हणून, एखादी नोट शंकास्पद वाटली तर तिथं जाऊन ऐकायला. दोन्ही एकत्र वाजवू नका, दोघांच्या वेळेत काही मिलिसेकंदांचा फरक असतो आणि किक पोकळ होते. वाजवताना बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी घेतो तो आवाजाचा तुकडा, १२८ सॅम्पल ठेवला, ४८ किलोहर्ट्झला तो पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत येतो, मोड्यूल आणि इंटरफेसचा वेळ धरूनही हाताला खटकत नाही. मिक्स करताना बफर खुशाल १०२४ करा, तेव्हा काय वाजवायचं नसतं.

मग हलगी. वाजवणारे मामा खासबागेत कुस्त्यांना वाजवत आलेले, चाळीसेक वर्षं हातात हलगी. पावसाळी हवा होती, चामडं उतरलेलं, मामांनी मागच्या अंगणात कागद पेटवला आणि हलगी त्याच्यावर फिरवत, मधेच बोटानं टिचकी मारून कानाला लावत शेकून घेतली. आधी ठप्प असा आवाज होता, तो टिचकीगणिक वर वर चढत गेला आणि एका क्षणाला कडाड झाला, लगेच मामा म्हणाले चल. ही गोष्ट रेकॉर्डिंगवाल्यानं लक्षात ठेवायची, चामडं गार होत जाईल तसा सूर उतरतो, म्हणून टेक छोटे घ्यायचे आणि मधे परत शेकायला वेळ द्यायचा, नाहीतर पहिल्या आणि शेवटच्या टेकचे तुकडे जोडता येत नाहीत. खोलीत दोन बाजूंनी वाकळा टांगल्या, कंडेन्सर माइक तीन फुटांवर, थोडा तिरका, माइकचा पॅड (आवाज कमी करणारं बटण) चालू, पीक उणे १२ डीबीच्या आसपास. फार जवळ माइक लावला तर नुसती काडीची चटचट येते, हलगीचा घुमारा येत नाही.

मामांच्या कानात क्लिक दिला तर त्यांनी दोन ओळीतच हेडफोन काढला. "त्ये टिकटिक बंद कर की, हात धरल्यागत हुतंय." मला हे शंभर टक्के पटलं. हलगी ओळीच्या शेवटाकडं किंचित पुढं पळते आणि समेवर येऊन बसते, तीच तिची ऐट आहे, ती ग्रीडवर, म्हणजे तालाच्या समान अंतराच्या रेघांवर, ठोकून बसवायची म्हणजे काय उरलं? म्हणून क्रम उलटा केला. मामांनी नुसत्या गाण्याच्या गाइडवर वाजवलं, मग मी रीपरमध्ये प्रत्येक आवर्तनाच्या समेवर टेम्पो मार्कर लावत गेलो, म्हणजे ग्रीडच हलगीच्या मागनं चालायला लागलं, आणि त्याच्यावर मी ड्रम वाजवले. ई-ड्रमचा खरा फायदा मला इथं दिसतो. मिडीची नोट मागं-पुढं सरकवली तरी आवाज फाटत नाही, मग जुळवून ड्रमनं घ्यायचं, माणसानं का म्हणून घ्यायचं? क्वांटाइझ, म्हणजे नोट ग्रीडकडं सरकवणं, केलं ते पण या हललेल्या ग्रीडवर आणि अर्ध्याच ताकदीनं, फक्त किकला, स्नेअरच्या घोस्ट नोटला अजिबात नाही.

मिक्समध्ये पहिली गोष्ट लायब्ररीचा प्रीसेट बघितला. बऱ्याच लायब्ररीत किक-स्नेअरवर आधीच ईक्यू (ठराविक पट्टीचा आवाज वाढवणं-कापणं) आणि कंप्रेशन (जोराचा आवाज दाबणं) लावलेलं असतं, त्याच्यावर आपण परत व्हिडिओत बघितलेलं ईक्यू लावलं की आवाज कडक आणि बारीक होतो. मी कच्चा किट घेतला आणि मल्टी-आउट करून किक, स्नेअर, टॉम, ओव्हरहेड, रूम असे वेगळे ट्रॅक काढले. किकमध्ये ३०० हर्ट्झच्या आसपास कापलं, पेडलचा ठोका दिसायला ३ किलोहर्ट्झला थोडं वाढवलं. खाली ६० च्या आसपास काय करायचं ते मात्र खोलीत कळेना, एका जागी किक दणदणीत, दोन पावलं सरकलं की गायब. खोली दहा बाय दहा, आणि दहा फुटांच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत ५६ हर्ट्झच्या आसपास लाट उभी राहते, बरोबर किकच्या जागेवर. चौरस खोलीत तर दोन्ही बाजूंनी तीच लाट, आणि मधोमध बसलं की ती ऐकूच येत नाही. टेबल मधनं हलवून भिंतीपासून एक तृतीयांशपेक्षा थोडं पुढं घेतलं, बराच फरक पडला, तरी खालचा निर्णय मी हेडफोनवर आणि मित्राच्या गाडीत रंकाळ्याकडनं एक फेरी मारूनच घेतला.

स्नेअर आणि हलगी दोघांची कडकड एकाच जागेत येते, साधारण ३ ते ५ किलोहर्ट्झ. इथं मी स्नेअरला माघार घ्यायला लावली, हलगी असेल तेवढ्याच कडव्यात साडेतीनच्या आसपास ३ डीबी खाली, २०० हर्ट्झचं अंग तसंच ठेवलं. हलगी थोडी डावीकडं, ड्रमच्याच रूम रिव्हर्बमध्ये थोडी पाठवली म्हणजे दोघं एका खोलीत वाजवल्यासारखे वाटतात. सगळे ड्रम एकत्र येतात त्या बसवर कंप्रेसर ४ ला १, अटॅक ३० मिलिसेकंद, रिलीज १००, काटा दोन-तीन डीबीच हलेल एवढंच. अटॅक कमी केला की फटक्याचं तोंडच दाबलं जातं, आणि एवढं ट्रिगर जुळवून मिळवलेला हात तिथं घालवायचा नव्हता.

मित्राकडं ही लायब्ररी नाही, म्हणून मिडी न पाठवता प्रत्येक ट्रॅकचा २४ बिटचा ऑडिओ काढून दिला, हलगी वेगळी, रिव्हर्ब वेगळा. तिकडनं निरोप आलाय की स्नेअर दुसऱ्या कडव्यात अजून जरा खाली घे, हलगीला हात लावू नको. तेवढं आज रात्री करून पाठवतोय.