तुम्ही विचारलंत म्हणून: मोल्ड ९० चा, मग पार्ट ८९ चा का?

कस्टमर विचारतात, नवीन पोरं विचारतात, परवा आमच्या सीएनंही विचारलं: मोल्ड बरोबर ९० अंशाचा, मग त्यावर बनवलेला कार्बन फायबरचा एल आकाराचा ब्रॅकेट ८९ चा कसा निघतो? एकदाच लिहून टाकतो.

ले-अप, म्हणजे कार्बनच्या थरांची (प्लायची) मांडणी, सिमेट्रिक होता, मध्यापासून दोन्हीकडे सारखा. क्युअर, म्हणजे थरांना बांधणारं रेझिन तापवून घट्ट करणं, १८० अंश सेल्सिअसला पूर्ण झालं होतं. सपाट पार्ट पिळला तर ले-अपवर जरूर संशय घ्या. कोपऱ्याचं दुखणं वेगळं आहे. धाग्याच्या दिशेनं कार्बन तापवा नाहीतर थंड करा, लांबी जवळपास तीच. जाडीच्या दिशेनं मात्र सगळा कारभार रेझिनचा. ते क्युअर होताना आकसतं, थंड होताना आणखी आकसतं. वळणावर आतल्या प्लायची लांबी तीच, बाहेरच्याची तीच, मधलं अंतर तेवढं घटलं. कोपरा मिटणारच. नुसतं थंड होण्यातच कोनाचा जवळपास अर्धा अंश जातो.

एका कस्टमरच्या इन्स्पेक्टरनं पार्ट ग्रॅनाइटच्या टेबलावर ठेवला, गुण्या लावला आणि माझ्याकडे न बघता फट मोजायचा फीलर गेज मागवला. १०० मिलिमीटरच्या फ्लँजला, म्हणजे ब्रॅकेटच्या एका बाजूला, टोकाशी पावणेदोन मिलिमीटर फट. "बॅच लवकर काढलीत ना?" मी ऑटोक्लेव्हचा, म्हणजे दाबाखाली क्युअर करणाऱ्या भट्टीचा, चार्ट पुढे सरकवला, तो त्यांनी उलगडलाही नाही. मोल्ड मागितला. मोल्ड गुण्यात निघाला, तर म्हणाले, म्हणजे तुमची प्रोसेसच चुकीची! अहो, मोल्ड ९१ चा करू द्या, हे मी ऑर्डर घेतानाच लिहून दिलं होतं. तेव्हा उत्तर आलं होतं, "मोल्ड ड्रॉइंगप्रमाणेच हवा." त्यांचा फिटर म्हणाला, "बोल्टनं ओढून घेतो की." ओढला असता तर बसलाही असता, पण मिटलेला कोपरा जबरदस्तीनं उघडला की प्लाय एकमेकांपासून सुटू बघतात. तेही मीच सांगितलं. सगळी बॅच परत आली.

इन्व्हारचा, म्हणजे तापून फारसा न पसरणाऱ्या मिश्रधातूचा, मोल्ड घ्या म्हणतात. अ‍ॅल्युमिनियम तापून पसरतं आणि खालचे प्लाय सोबत ओढतं, तेवढा त्रास इन्व्हारनं बराच जातो. कोपरा तरीही मिटतो.

पूर्वी मीच म्हणायचो, वाकडा मोल्ड बनवून सरळ पार्ट काढणं ही पळवाट आहे. आज तेच करतो, तरी त्या जुन्या माणसाला पुरतं गप्प करता येत नाही. कारण ९१ हा आकडा ह्याच रेझिनचा, ह्याच ले-अपचा. कोपऱ्यात रेझिन जरा जास्त साचलं तरी हलतो. म्हणून ट्रायल पार्ट काढावा लागतो, आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये धरले की तुम्हीच महाग म्हणता.